लाल झाली का?

काकासाहेबांच्या घरात भिंतीला भोक पाडायचं तर दोन गोष्टी लागतात. आधी काकासाहेबांची परवानगी आणि मग काकासाहेबांची आठवण. परवानगी एखाद्या बऱ्या दिवशी, ताटात झणझणीत ठेचा असला तर, मिळूनही जाते. आठवणीचं मात्र काही खरं नाही.

त्याचं असं झालं, की काकासाहेबांनी आयटीआयमध्ये अठ्ठावीस वर्षं पोरांना वायरमनकी शिकवली, आणि पुंडलिकनगरात स्वतःचं घर बांधलं तेव्हा सगळं वायरिंग स्वतःच्या हातानं केलं, तेही भिंतीच्या पोटातून. कुठला पाइप कुठून गेलाय याचा नकाशा त्यांनी एका कॅलेंडरच्या पाठीवर काढून ठेवला होता. वर्ष संपल्यावर ते कॅलेंडर त्यांच्या बायकोनं, सत्यभामाबाईंनी, मसाल्याच्या डब्यांखाली अंथरलं. पुढं त्यावर हळद सांडली, मग तेल सांडलं, मग नकाशा गेला. तेव्हापासून या घरात साधा खिळा ठोकायचा म्हटला तरी काकासाहेब भिंतीला कान लावून उभे राहतात, बराच वेळ ऐकतात आणि म्हणतात, "इथं नको." भिंतीवरचं घड्याळ त्यामुळं खिडकीच्या गजाला बांधलेलं आहे.

लग्न होऊन आली तेव्हापासून काकासाहेबांच्या सुनेला, सुकेशनीला, हे ठाऊक होतं, आणि घड्याळ कुठंही असलं तरी वेळ तीच दाखवतं, त्यामुळं तिची काही तक्रारही नव्हती. तक्रार उभी राहिली ती पुण्याच्या कंपनीमुळं.

कंपनीचं काम चांगलं होतं. घरी बसून विम्याचे कागद तपासायचे, लोकांचे फोन घ्यायचे. पण अट अशी, की इंटरनेट वायरीनं जोडलेलं हवं, हवेतलं चालणार नाही, आणि खोली शांत हवी. निवड व्हायच्या आधी एक परीक्षा. अर्धा तास कंपनीशी जोडून राहायचं, आणि त्या अर्ध्या तासात वायर एक क्षणही तुटायची नाही. तुटली की ती संधी गेली. संधी तीन, आणि दोन परीक्षांमध्ये दहा दिवस जाऊ द्यायचे असा नियम. तिन्ही हुकल्या तर मग पुण्याच्या ऑफिसात येऊन बसायचं, नाहीतर नमस्कार.

पुण्याला जायचं म्हणजे अडीच वर्षांच्या सृष्टीला इथं ठेवून जायचं. "जा की, मी बघते की लेकराला," असं सासूबाई मनापासून म्हणाल्या होत्या. नवरा आकाशही म्हणाला होता, "शनिवारी येत जा." सुकेशनी दोघांनाही "बघू" म्हणाली आणि आत जाऊन सृष्टीच्या धुतलेल्या झबल्यांच्या उगाच पुन्हा घड्या घालत बसली. सृष्टी अजून झोपेत आईच्या कानाची पाळी धरते. कान पुण्याला गेला तर पोरीनं काय धरायचं, हे कोणी कंपनीला विचारलं नव्हतं.

घरात इंटरनेट होतं, पण ते खाली बैठकीत, टीव्हीशेजारी. बैठकीत टीव्ही, शिट्ट्या देणारा कुकर आणि शेजारचे अप्पाराव असे तीन आवाज दिवसभर असतात, त्यातले पहिले दोन बंद करता येतात. शांत खोली होती गच्चीवर. म्हणजे प्रश्न एवढाच, की खालची वायर वर न्यायची.

इंटरनेटवाला माणूस आला, वर बघून, खाली बघून म्हणाला, "काम कायको नै होता भाभी, होता. दीवार फोडना पडता." काकासाहेबांनी भिंतीला कान लावला. "इथं नको." दुसरी भिंत. "इथंबी नको." चौथ्या भिंतीनंतर त्या माणसानं स्वतःच भिंतीला कान लावून पाहिला आणि चहा पिऊन गेला.

मग वायर बाहेरून, खिडकीतून गच्चीवर ओढली. ती दोन दिवस टिकली. तिसऱ्या दिवशी टँकर आला. त्या वर्षी पाऊस असा काही रुसला होता, की नळाला दहा दिवसांनी पाणी आणि मधल्या दिवसांत टँकर अशी पाळी लागली होती. शहर मात्र चिकलठाण्याच्या पुढं पुढं पळत चाललेलं. नव्या नव्या बिल्डिंगी, त्यांना नवे नवे नळ, आणि सगळ्या नळांना मिळून पाणी तेवढंच. तर टँकरवाल्यानं गच्चीच्या टाकीत पाइप टाकला, टाकी भरली आणि जाताना पाइप खाली ओढला. पाइपाबरोबर वायर आली, वायरीबरोबर खिडकीतली तुळस आली. टँकर कोपऱ्यावर वळेपर्यंत सुकेशनीचं करिअर त्याच्या मागं फरफटत गेलेलं सगळ्या गल्लीनं पाहिलं.

"वरच्या खोलीला वेगळं कनेक्शनच घ्या ना," अप्पारावांनी सल्ला दिला. अप्पाराव म्हणजे सहकारी संस्थेतून निवृत्त झालेले गृहस्थ, पण सल्ल्यातून निवृत्त झालेले नाहीत. सुकेशनी ऑफिसात गेली. खिडकीतल्या बाईंनी लाइटबिल मागितलं. बिलावर नाव कडुबा यांचं. ज्यांच्याकडून प्लॉट घेतला ते कडुबा.

"यांना घेऊन या."

"ते वारले हो, मॅडम."

"मग त्यांचं ना हरकत पत्र आणा."

सुकेशनीनं बिल परत घेतलं. कडुबांची आता कशालाच हरकत नसणार हे तिला पटत होतं, फक्त ते लिहून कोण देणार?

शेवटी चिकलठाण्याच्या कंपनीतून पहिली पाळी संपवून आलेल्या आकाशनं एक खोका आणला. आत दोन पांढरे डबे, साबणाच्या वडीएवढे, प्रत्येकाला मागं प्लगच्या पिना आणि पुढं एक इवलीशी बत्ती. पॉवरलाइन अडॅप्टर. एक डबा खाली सॉकेटात खोचायचा आणि इंटरनेटच्या डब्याला जोडायचा. दुसरा वर खोचायचा आणि लॅपटॉपला जोडायचा. मधली वाट इंटरनेट आपली आपण काढतं, भिंतीतल्या विजेच्या तारेतून. भोक नको, पाइप नको, कडुबा नकोत.

काकासाहेबांनी एक डबा हातात घेऊन उलटा-पालटा करून पाहिला.

"माझ्या तारेतून?" काकासाहेब म्हणाले.

"हो, मामा."

"मला न विचारता?"

"विचारतेच आहे की."

काकासाहेब उठले आणि बाबासाहेबांच्या फोटोखालच्या खुर्चीवर जाऊन बसले. फार मोठा निर्णय असला की ते तिथं बसतात. सत्यभामाबाईंची शंका वेगळी होती. "अन् नेट तारेतून जाताना मधीच सांडलं तर? लेकरू सगळ्या बटनाला हात लावतंय."

"सांडत नाही, आत्याबाई."

"आन् मिक्सर लावला तर?" कुंपणावरून अप्पाराव. "सिनेमा दळून निघंल की!"

सगळे हसले. पुढं हे वाक्य किती खरं ठरणार आहे हे कळलं असतं, तर कोणी हसलं नसतं.

सत्यभामाबाईंनी त्या दोन डब्यांचं नाव जुळी ठेवलं. खालचा थोरला, वरचा धाकटा. माहितीपत्रकात लिहिलं होतं, बत्ती हिरवी तर उत्तम, नारिंगी तर बेताचं, लाल तर जुळ्यांचं एकमेकांशी बोलणं बंद. खोचले, आणि दोघांचीही बत्ती लाल.

इथं काकासाहेब खुर्चीवरून उठले. आता त्यांच्या तारेची इज्जत पणाला लागली होती. त्यांनी टेस्टर घेतला, चष्मा घेतला, मीटरची पेटी उघडली, आणि आयटीआयमधला वर्गातला आवाज लावून म्हणाले, "या घराला तीन फेज आहेत. लाल, पिवळा, निळा. बैठक लालवर. वरची खोली निळ्यावर. दोघं वेगळ्या रस्त्यानं चाललेत, भेटतील कसे? मी शिकवायचो ना पोरांना, लोड वाटून द्यायचा म्हणून!"

"मग वरची खोली लालवर घ्या," सुकेशनी म्हणाली.

"बत्ती लालच हाय की आत्ताबी," सत्यभामाबाई म्हणाल्या. "लाल फेजवर लाल लागंल नायतर काय हिरवी लागंल?"

काकासाहेबांनी या प्रश्नाकडं दुर्लक्ष केलं. अख्खा रविवार मेन स्विच बंद राहिला, फ्रिजमधलं दूध नासलं, आणि संध्याकाळी पाच वाजता वरच्या खोलीतून सृष्टी ओरडली, "हिलवी!"

पोरीला आयुष्यात पहिला रंग ओळखता आला तो असा. काकासाहेबांनी तिला उचलून घेतलं आणि गल्लीत जाऊन भेटेल त्याला सांगितलं, की इंटरनेट आता त्यांच्या तारेतून वाहतं.

पहिली परीक्षा सोमवारी अकराला होती. पडद्यावर पुण्याच्या निशा मॅडम आल्या, गोड हसल्या, "रिलॅक्स, डिअर" म्हणाल्या, आणि घड्याळ सुरू झालं. बारा मिनिटं झाली. बत्ती हिरवीगार. तेराव्या मिनिटाला नारिंगी, मग लाल, आणि निशा मॅडमचं हसू तोंडावरच थिजलं. सुकेशनी जिन्यावरून धावत खाली आली तेव्हा सत्यभामाबाई मिक्सरचं झाकण दाबून उभ्या होत्या.

"शेंगदाण्याची चटणी करत होते गं. तू दमून येशील म्हणून."

सासूबाईंनी एवढ्या मायेनं नोकरी दळली होती, की रागावणार तरी कुणावर? चटणी मात्र चांगली झाली होती.

दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी मिक्सर कपाटात, कपाटाची किल्ली काकासाहेबांच्या बंडीत. इस्त्री नाही, पंखासुद्धा नाही. दहा मिनिटं झाली, वीस झाली, पंचवीस झाली. निशा मॅडम म्हणाल्या, "ऑलमोस्ट देअर, डिअर." आणि सव्विसाव्या मिनिटाला लाल.

सुकेशनी गच्चीच्या कठड्याशी जाऊन उभी राहिली. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते पुसायलाही तिला कंटाळा आला. खाली गल्ली सुस्त पडलेली. आणि त्या शांततेत कुठंतरी एक मोटर घुमत होती. बारीक, दबकी, बादलीखाली झाकल्यासारखी. अप्पारावांच्या न्हाणीघरातून.

पाणी आलं होतं. गल्लीत अजून कोणालाच कळलं नव्हतं, फक्त अप्पारावांना. तेच अप्पाराव, जे गल्लीच्या दर सभेत सांगायचे, "मी आजवर नळाला मोटर लावली नाय. पाणी जनतेचं हाय." दोनेक मिनिटांनी दुसरी मोटर लागली, मग तिसरी, मग सगळ्या गल्लीत मधमाश्यांचं मोहोळ उठलं.

तिनं हे काकासाहेबांना सांगितलं. "गल्लीत अकरा घरं," ते म्हणाले, "त्यातली आठ लाल फेजवर. मोटरा लागल्या की तारेत खळबळ उठणारच. दोष माझ्या वायरिंगचा नाय." हे शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं.

"मग आपण पिवळ्यावर जाऊ, मामा."

"पिवळ्यावर पिठाची गिरणी हाय."

"निळ्यावर?"

"निळा या गल्लीत नावालाच हाय. सकाळी दहा वाजता जातो, अन् कधी येतो ते त्यालाच ठावं."

इथपर्यंत ही एका घरातली गोष्ट होती. ती गल्लीची झाली सत्यभामाबाईंमुळं. त्यांनी टँकरच्या रांगेत सहज सांगितलं, की आमच्या सुनेच्या डब्याला पाणी आल्याचं आधी कळतं, बत्ती लाल होती. बस्स. त्या दिवसापासून माणसं येता-जाता वर बघायला लागली. पाणी दहाव्या दिवशी येणार की आधीच, सकाळी येणार की दुपारी, हे या शहरात कुणालाच सांगता येत नाही. सांगणारं एक यंत्र पुंडलिकनगरात निघालंय म्हटल्यावर लोक सोडतील होय?

"सुकेशनी, लाल झाली का गं?"

"वयनी, लाल?"

"ओ ताई, जरा बघून सांगा, अंघोळ करू का थांबू?"

एकदा भर दुपारी सृष्टी जिन्यात उभी राहून "लाsssल!" असं ओरडली, आणि अकरा घरांतून माणसं पाइप, बादल्या, हंडे, एकजण तर डोक्याला साबण लावलेला, अशी नळाकडं धावली. नळ सुं सुं करत राहिला. घरात सत्यभामाबाई मिक्सरमध्ये लसूण वाटत होत्या. त्या दिवशी गल्लीनं सुकेशनीशी बोलणं सोडलं आणि सत्यभामाबाईंनी मिक्सर सोडला. पाटा-वरवंटा निघाला.

आता तिसरी परीक्षा. शेवटची. गुरुवारी अकराला. कंपनीचे दहा दिवस आणि नळाचे दहा दिवस, दोन्ही मोजून गुरुवारीच येत होते. तिनं निशा मॅडमना दिवस बदलून मागितला. "सिस्टीममध्ये नाहीये, डिअर." व्हॉल्व्ह फिरवायला येणाऱ्या मल्हारीला तिनं कोपऱ्यावर गाठलं, तिथं नव्या योजनेचे माणूसभर उंचीचे पाइप दोन वर्षांपासून पडून आहेत आणि पोरं त्यात घर घर खेळतात.

"मल्हारीभाऊ, गुरुवारी दुपारनंतर सोडा ना पाणी."

मल्हारीनं टोपी काढून डोकं खाजवलं. "ताई, मी नुसता चावी फिरवतो. पाणी वरून येतंय. ते येतंय का नाय ते त्या टाकीलाबी ठावं नसतंय. तुमची बत्ती लाल झाली तर मलाबी एक मिसकॉल द्या."

बुधवारी संध्याकाळी टँकरपाशी सगळी गल्ली जमलेली असताना काकासाहेब इस्त्रीचा सदरा घालून बाहेर आले. आयटीआय सुटल्यापासून त्यांना एवढा मोठा वर्ग मिळाला नव्हता.

"जय भीम, मंडळी. उद्या अकरा ते साडेअकरा कोणी मोटर लावायची नाय. माझ्या सुनेची परीक्षा हाय."

"अन् पाणी आलं तर?" अप्पाराव म्हणाले. "दहा दिवसांचं पाणी, काकासाहेब. अर्ध्या तासात निम्मं निघून जातंय. मी तर मोटर लावतच नाय, पण जनतेचा विचार करा."

सुकेशनी मागं उभी होती, सृष्टी कडेवर. तिचं मागणं साधं नव्हतं. धुणं, भांडी, अंघोळी, दहा दिवसांचं सगळं जगणं या अर्ध्या तासात होतं. ती एवढंच म्हणाली, "नाही जमलं तर मला पुण्याला जावं लागंल. हिला ठेवून."

सृष्टीनं सवयीनं तिचा कान धरला.

गल्लीच्या टोकाच्या शेवटच्या घरातल्या वच्छलाबाई पुढं झाल्या. अजिंठ्याकडच्या, मेंढरं विकून पोराच्या मागं शहरात आलेल्या. त्यांच्या नळाला गेली तीन वर्षं नुसती हवा यायची. "माझ्याकडं मोटर नाय अन् पाणीबी नाय," त्या म्हणाल्या. "मी पयलं कबूल झाले, घ्या. आता बाकीच्यायनं बोलावं."

बाकीच्यांनी पायांच्या बोटांकडं पाहिलं. तेव्हा काकासाहेबांनी ते वाक्य टाकलं, जे अठ्ठावीस वर्षांच्या शिक्षकी पेशात त्यांनी कधी शिकवलं नव्हतं, कारण ते धादांत खोटं होतं.

"आणखी एक. त्या बत्तीच्या लालीवरून कुणाच्या घरची मोटर ते मला कळतं. फिकी लाल म्हणजे अर्धा हॉर्सपॉवर. गडद लाल म्हणजे एक. उदाहरणार्थ," ते अप्पारावांकडं वळले, "एक हॉर्सपॉवर, निळ्या रंगाची, न्हाणीघरात बादलीखाली झाकलेली."

अप्पारावांच्या हातातला पाइप खाली पडला. बादलीचं कसं कळलं? कुरडया वाळत घालताना सत्यभामाबाईंनी कुंपणावरून पाहिली होती, पण हे सांगायची काही गरज नव्हती.

"बत्तीत रंगबी दिसतो?" कोणीतरी हळूच विचारलं.

"दिसतो," काकासाहेब म्हणाले. त्यांच्या स्वतःच्या घरी अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर होती, गल्लीतली सगळ्यात लहान. माणसानं अर्ध्याच्या वर हाव धरू नये, असं ते सांगत.

गुरुवार उजाडला. वर सुकेशनी आणि धाकटा. खाली थोरल्यासमोर पाटावर सृष्टी, तिला काम दिलेलं, बत्तीकडं बघत बसायचं. पडद्यावर निशा मॅडम. "लास्ट चान्स, डिअर. ऑल द बेस्ट." घड्याळ सुरू.

पाच मिनिटं. सुकेशनीनं श्वास मोजून घेतला. सात. आणि खाली गल्लीतून कुणाची तरी हाक आली, "आलं! पाणी आलं!"

खुर्ची सोडता येत नव्हती, निशा मॅडम तोंडाकडं बघत होत्या. तिनं नजर बत्तीवर रोवली आणि कान खाली लावले, आणि आता मोहोळ उठणार, आता उठणार म्हणून वाट बघत राहिली. फाटकं वाजली. चपला धावल्या. हंडे आपटले. कोणीतरी कुणाला तरी म्हणालं, "आरं थांब, दिसतंय त्यायला वर!" मग सगळं शांत झालं.

आणि त्या शांततेत तिला एक आवाज आला, जो या गल्लीत राहून चार वर्षांत तिनं कधी ऐकला नव्हता. मोटरांच्या घुमण्याखाली तो नेहमी दबून जायचा. पाण्याचा आवाज. हौदात पडणारं, पोकळ, गार, आपल्याच लयीत पडणारं पाणी. आधी शेजारी, मग पलीकडं, मग आणखी पुढं, एकेका घराच्या हौदात.

बारा मिनिटं. हिरवी. वीस. हिरवी. सव्विसाव्या मिनिटाला तिनं डोळे मिटले. उघडले तेव्हा सत्तावीस झाली होती. मग अठ्ठावीस, एकोणतीस, तीस.

"डन!" निशा मॅडम म्हणाल्या. "काँग्रॅट्स, डिअर. अय्या, रडताय काय?"

ती खाली आली तेव्हा गल्ली तिच्याकडं बघत नव्हती. सगळे शेवटच्या घराकडं बघत होते. वच्छलाबाई दारात उभ्या होत्या, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं. त्यांच्या नळाला करंगळीएवढी धार लागली होती. त्यांनी खाली काहीच लावलं नव्हतं, नुसता हात धरला होता.

"बादली लाव की, वच्छलाबाई!"

"लावते गं, लावते. जरा बघू तर दे."

कोणीच ओढलं नाही म्हणून ते शेवटपर्यंत पोचलं, एवढं साधं होतं ते. काकासाहेबांनी लगेच त्यावर दाबाचा नियम समजावून सांगितला. अप्पाराव म्हणाले, "मी हेच तर सांगत आलो." त्या दिवसापासून गल्लीत ठरलं. मोटर नाही. आणि सुकेशनीच्या बत्तीवर एक नवीन जबाबदारी आली, चोरून मोटर लावणारा पकडायची.

काम सुरू होऊन पंधरवडा झाला. सुकेशनी वर बसून बार्शीच्या एका गृहस्थांना विम्याचा अर्ज समजावत होती आणि बत्ती फटदिशी लाल झाली. गृहस्थ अर्ध्या वाक्यात गेले. ती गच्चीवर धावली. "कोण आहे? कुणाची चालू आहे?"

गल्ली बाहेर आली. पाणी आलेलं होतं. सगळ्यांच्या माना एका दिशेला वळल्या. अप्पाराव फाटकात उभे होते, दोन्ही हात वर केलेले. "आईशप्पत, माझी नाय! येऊन बादली उचलून बघा!"

"काकासाहेब, तुम्हीच सांगा ना," कोणीतरी म्हणालं. "लाली बघून सांगा, कुणाची?"

"हां, सांगा की," अप्पाराव हात खाली न घेताच म्हणाले. त्यांच्या आवाजात त्या बुधवारपासूनचा सगळा अपमान होता. "गडद हाय का फिकी? किती हॉर्सपॉवर?"

काकासाहेबांनी बत्तीकडं पाहिलंच नाही. ते फाटकाशी थांबले, मान तिरकी केली आणि कान लावला. या वेळी ते भिंत ऐकत नव्हते. हळूहळू त्यांचा चेहरा असा झाला, जसा नकाशावर हळद सांडली त्या दिवशी झाला होता.

"अर्धा," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले.

गल्लीत अर्ध्याची एकच होती.

घरामागनं सत्यभामाबाई पदरानं हात पुसत आल्या. "एकदाच लावली हो. गोधड्या धुवायच्या होत्या. सुकीनं आता काम धरलंय, तिला कशाला सांगायचं म्हणून..."

कोणी काही बोलायच्या आत जिन्यावरून सृष्टी ओरडली, आणि आवाज वच्छलाबाईंच्या दारापर्यंत गेला.

"आजीची लाsssल!"